रुग्णनोंदींची किल्ली कोणाकडे?

१९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीच्या व्रणरोपण गुणाबद्दल पेटंट मिळाले आणि आयुर्वेदाच्या क्षेत्रात संतापाची लाट उसळली. जी गोष्ट आपल्याकडे घराघरांतील आजीस ठाऊक, तिच्यावर परक्यांचा हक्क कसा, हा प्रश्न प्रत्येक वैद्याच्या ओठी होता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्या पेटंटला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ही कथा आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे. तिच्यातील एक तपशील मात्र बहुधा निसटतो. तेथे संताप पुरावा म्हणून चालला नाही, ‘आमच्याकडे हे सर्वांना माहीत आहे’ हे विधानही चालले नाही. चालले ते लिखित स्वरूपातील, तारीख असलेले आणि परीक्षकास वाचता येण्याजोगे दस्तऐवज.

या अनुभवातूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. संहिता व निघंटूंमधील योग निवडून, त्यांचे एका ठरीव पद्धतीने वर्गीकरण करून, ते इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत मांडण्यात आले. २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयास ते पाहण्याची मुभा मिळाली. ग्रंथ तेच होते, योगही तेच होते. परंतु जोवर ते तपासणाऱ्याच्या भाषेत आणि त्याच्या संगणकावर उघडत नव्हते, तोवर त्याच्या लेखी ते नसल्यासारखेच होते. ज्ञान असणे आणि ते गरजेच्या वेळी वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा त्या साऱ्या प्रकरणाचा आमच्या मते खरा धडा होय.

हा धडा शासनाने घेतला. आपण, म्हणजे दररोज रुग्ण पाहणारे वैद्य आणि औषधे सिद्ध करणारे फार्मसीचालक, यांनी तो घेतला आहे काय? प्राचीन संहितांचे रक्षण करण्यास एक राष्ट्रीय ग्रंथालय उभे राहिले. आपल्या आजच्या चिकित्सेच्या नोंदींचे रक्षण कोण करीत आहे? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

आमचाच एक अनुभव

दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःची चूक सांगितलेली बरी. आमच्या चिकित्सालयात २००३ साली संगणक आला. त्या काळी एका स्थानिक संस्थेने तयार केलेली रुग्णनोंदींची आज्ञावली आम्ही विकत घेतली. पडद्यावर सुबक मराठी अक्षरे उमटत, प्रकृती, अग्नी, कोष्ठ, दोष-दूष्य यांचे रकाने होते, औषधपत्र छापून मिळे. सोळा वर्षे आम्ही नेमाने नोंदी केल्या आणि आपण काळाबरोबर आहोत असे समाधान मानले.

२०१९ च्या प्रारंभी तो जुना संगणक बंद पडला. तबकडीवरील माहिती सुदैवाने वाचली. नव्या यंत्रावर मात्र ती आज्ञावली चालेना. जिने ती पुरवली होती ती संस्था केव्हाच बंद झाली होती आणि दूरध्वनी दुसऱ्याच कोणाकडे लागत होता. एका जाणत्या तरुणाने खटपट करून मूळ फाइल उघडून दिली, तेव्हा आमच्यासमोर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि चित्रविचित्र चिन्हे यांची खिचडी आली. सोळा वर्षांची मराठी कोठे गेली ते कळेना.

त्याच सुमारास २००६ साली आम्ही वमन दिलेली एक तमकश्वासाची रुग्णा पुन्हा आली. ‘त्या वेळी मला फार बरे वाटले होते, पण तिसऱ्या दिवशी काही त्रास झाला होता; तुम्ही लिहून ठेवले होते,’ असे ती म्हणाली. आम्ही लिहून ठेवले होते हे खरेच. कोणता वामक योग, किती मात्रा, किती वेग आले, नंतर कोणता उपद्रव झाला व तो कशाने शमला, हे सारे त्या खिचडीत कोठेतरी होते. आम्ही तिला पुन्हा वमन दिले नाही. शमन चिकित्सेवर भागवले. कदाचित तेच योग्य असेल, कदाचित नसेल. परंतु तो निर्णय आम्ही ज्ञानाच्या आधारे घेतला नाही, अज्ञानामुळे घेतला, ही टोचणी अजून आहे.

दोन कुलपे

त्यानंतर आम्ही या विषयाची थोडी माहिती करून घेतली. ती येथे सांगणे अगत्याचे वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात अशाच नोंदी पडून आहेत.

आमच्या माहितीस एक नव्हे, दोन कुलपे होती. पहिले कुलूप फाँटचे. संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. जुन्या मराठी फाँटमध्ये साधारणपणे २५६ घरे असत आणि ती मुळात रोमन अक्षरांसाठी ठरलेली असत. प्रत्येक फाँट बनवणाऱ्याने त्या घरांत आपल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवले. एकाने ‘क’ एका घरात ठेवला, दुसऱ्याने दुसऱ्या घरात. परिणामी फाइलमध्ये साठवले गेले ते रोमन अक्षरांचे क्रमांक, आणि विशिष्ट फाँट असेल तरच त्यांचे मराठी रूप दिसे. फाँट गेला की मराठी गेली.

वस्तुतः या अडचणीवरचा उपाय आपल्या देशात फार लवकर सुचला होता. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही समान संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. आपल्या पुण्यातील सी-डॅकचे या क्षेत्रातील काम सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली होती. युनिकोडमध्ये ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ हा आहे. तो पुण्यात, पणजीत, बर्लिनमध्ये, कोणत्याही यंत्रावर आणि कोणत्याही फाँटमध्ये तोच राहतो. ‘ऱ्या’मधील आपला खास मराठी रफार लिहिण्याची सोयही तीत आहे. केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण म्हणून मान्य केले. असे असूनही आमच्यासारखे अनेक जण पुढची दहा वर्षे जुन्याच फाँटमध्ये टंकत राहिले, कारण कागदावर छापून येणारे अक्षर दोन्हीकडे सारखेच दिसत होते. ज्या दोषाचे लक्षण दिसत नाही, त्याची चिकित्सा कोण करणार?

दुसरे कुलूप फाइलच्या रचनेचे. नोंदी कोणत्या क्रमाने, कोणत्या साच्यात साठवल्या आहेत हे फक्त आज्ञावली बनवणाऱ्यास ठाऊक होते. त्या संस्थेबरोबर ते ज्ञानही गेले. याउलट काही साचे खुले असतात. त्यांची संपूर्ण रचना प्रसिद्ध केलेली असते आणि कोणाही तंत्रज्ञास ते वाचणारी आज्ञावली लिहिता येते. स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर-फाइल हा त्यांतील सर्वांत साधा प्रकार. दीर्घकाळ जपायच्या कागदपत्रांसाठी ‘पीडीएफ-ए’ हे प्रमाण २००५ साली आणि कार्यालयीन दस्तऐवजांसाठी ‘ओपन डॉक्युमेंट’ हे प्रमाण २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले. भारत सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचे धोरण जाहीर केले, ते याच जाणिवेतून. आपली कागदपत्रे एखाद्या कंपनीच्या आयुष्यावर अवलंबून राहू नयेत, ही चिंता जर सरकारला वाटते, तर ती एका दवाखान्याच्या वैद्यास किती अधिक वाटावयास हवी!

परंपरेचा दाखला

यात आपणांस नवे असे काहीच नाही. अग्निवेशाचे सहाध्यायी जतूकर्ण, पराशर, क्षारपाणी यांची तंत्रे आज आपल्यापुढे आहेत ती केवळ टीकाकारांनी दिलेल्या उद्धरणांतून. भेलसंहिता आपल्याला लाभली ती मुख्यत्वे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका खंडित पोथीमुळे, आणि काश्यपसंहिता नेपाळात मिळालेल्या अशाच एका त्रुटित पोथीमुळे. चरकसंहिता टिकली, कारण दृढबलाने तिचे गळलेले भाग पुरे केले आणि नंतर गावोगावच्या वैद्यांनी तिच्या नकला केल्या. ज्या ग्रंथाच्या नकला झाल्या तो जगला.

महाराष्ट्रास आणखी एक दाखला जवळचा आहे. आपल्या मोडी दफ्तरांतून शेकडो वर्षांचा व्यवहार भरलेला आहे; परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारातून व शाळेतून गेली आणि आज तो कागद हाती असूनही वाचणारा शोधावा लागतो. मोडी वाचणारे जाणकार निदान आहेत आणि शिकवणारे वर्गही आहेत. आमच्या २००३ च्या फाँटचे जाणकार कोठे शोधावेत? मोडीस काळाआड जाण्यास काही पिढ्या लागल्या. आमच्या नोंदी सोळा वर्षांत मोडी झाल्या.

नोंद रुग्णाची, वैद्य विश्वस्त

आता हक्काच्या प्रश्नाकडे वळू. चिकित्सालयात साठलेल्या नोंदी कोणाच्या? बहुतेक वैद्य उत्तर देतील, ‘आमच्या’. आज्ञावली पुरवणारा मनात म्हणत असेल, ‘माझ्या’. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये प्रथम काढलेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंद मानकांनी याचे उत्तर स्वच्छ दिले आहे. नोंदीतील माहिती रुग्णाची. ती तयार करणारा चिकित्सक तिचा विश्वस्त. हे वाचून आम्हांस नवल वाटले नाही. चरकाच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर फोडू नयेत असे बजावले आहेच. शब्द नवा असला तरी धर्म जुना आहे.

विश्वस्तपणाचा हा अर्थ एकदा मान्य केला की पुढील गोष्टी ओघानेच येतात. विश्वस्ताने दुसऱ्याची ठेव अशा पेटीत ठेवू नये जिची किल्ली तिसऱ्याकडेच आहे. रुग्णाने आपली नोंद मागितली तर ती देता आली पाहिजे. आणि ती पेटी उघडी टाकून जाणेही विश्वस्तास शोभत नाही.

याबाबत कायदा काय म्हणतो हे पाहणे उचित ठरेल. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांनी अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. संगणकात साठवलेली, तसेच कागदावर घेऊन नंतर संगणकात चढवलेली माहिती या कायद्याच्या कक्षेत येते. आपल्याविषयी कोणती माहिती ठेवली आहे हे जाणून घेण्याचा, ती दुरुस्त करवून घेण्याचा आणि काही परिस्थितीत पुसून टाकवण्याचा अधिकार व्यक्तीस मिळाला आहे. वाजवी सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. लहान दवाखान्यास एवढा दंड होईल असे आम्हांस वाटत नाही. परंतु ‘आम्हांस संगणकातले कळत नाही’ ही सबब यापुढे चालणार नाही, एवढे निश्चित.

या कायद्याबद्दल आमच्या दोन तक्रारी आहेत. पहिली अशी, की आरोग्याच्या माहितीस त्यात वेगळे, अधिक नाजूक असे स्थान दिलेले नाही. एखाद्याचा पत्ता आणि त्याचा क्लैब्य, श्वित्र किंवा उन्माद यांचा इतिहास कायद्याच्या एकाच तागडीत तोलले जातात. वैद्य मात्र ते एका तागडीत कधीही तोलणार नाही. दुसरी तक्रार अधिक व्यावहारिक. २०१९ च्या विधेयकात स्वतःची माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वापरता येण्याजोग्या स्वरूपात नेण्याचा हक्क होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि २०२३ च्या कायद्यात तो हक्क उरला नाही. युरोपातील नागरिकांना असा हक्क मे २०१८ पासून आहे. म्हणजे जी गोष्ट आपल्यास सर्वाधिक हवी, तिच्यासाठी आपल्याकडे कायद्याचा आधार नाही. ती आपल्याला आज्ञावली घेताना करारातच लिहून घ्यावी लागेल.

पेटी उघडी राहू नये

सुरक्षेचा विषय निघाला की आपले व्यवसायबंधू हसून म्हणतात, ‘आमच्या दवाखान्यात चोरायला आहे काय?’ या भ्रमाचे निरसन करण्यास दोन घटना पुरेशा आहेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील कित्येक रुग्णालयांचे काम थांबले. ज्या त्रुटीतून ती शिरली, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेली होती. ती ज्यांनी बसवली नाही, त्यांच्यावर प्रसंग आला. दुसरी घटना आपल्याच राजधानीतील. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर असाच हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे रुग्णांची नोंदणी व अहवाल हातांनी कागदावर लिहावे लागले.

असल्या आज्ञावल्या घर पाहून शिरत नाहीत. जे दार उघडे दिसेल तेथे शिरतात. विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणारे संरक्षण जानेवारी २०२० मध्ये थांबले. विंडोज १० चे नियमित संरक्षणही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. आपल्यापैकी किती जणांच्या यंत्रांवर आजही तीच प्रणाली आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

उपाय खर्चाचे नाहीत. नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दवाखान्याबाहेर असावी. बाहेरची प्रत संगणकास कायम जोडलेली नसावी, कारण जोडलेली प्रत मूळ प्रतीबरोबरच बिघडते. तिमाहीतून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून, कोणत्याही दहा रुग्णांची पत्रके वाचून पाहावीत. आम्ही सोळा वर्षे बॅकअप घेत होतो. तो उघडून एकदाही पाहिला नव्हता.

आणखी एक सवय येथे सांगितली पाहिजे. रुग्णाच्या जिव्हेचे, त्वचेचे, तपासणीअहवालाचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या वैद्यसमूहावर टाकून सल्ला मागण्याची प्रथा रूढ झाली आहे. सल्ला मागणे चांगलेच. परंतु नाव, चेहरा, दूरध्वनी क्रमांक तसेच राहू देऊन शंभर अनोळखी भ्रमणध्वनींत ते पोहोचवणे म्हणजे विश्वस्ताने ठेव चौकात मांडणे होय. रुग्णाची संमती घ्यावी आणि ओळख पुसावी. त्यास अर्धे मिनिट लागते.

संकेतांक आणि संप्राप्ती

नोंद वाचता आली, सुरक्षित राहिली, तरी ती दुसऱ्यास समजली पाहिजे. येथे परिभाषेचा प्रश्न येतो. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ हे पोर्टल सुरू करून आयुर्वेदीय व्याधींना प्रमाण संज्ञा व संकेतांक दिले. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या व्याधी-वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग दिल्लीत प्रकाशित झाला. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून देशभर चालू आहे. त्यात १४ अंकी आभा क्रमांक घेणे रुग्णाच्या इच्छेवर आहे, आणि नोंदी मूळ रुग्णालयाकडेच राहून संमतीने देवघेव व्हावी अशी रचना आहे.

या सर्वांचे आम्ही स्वागत करतो. एकाच व्याधीस कोणी ‘अम्लपित्त’, कोणी ‘आम्लपित्त’, तर कोणी केवळ ‘ॲसिडिटी’ लिहितो. त्यामुळे वीस वर्षांच्या नोंदींतून शंभर सारखे रुग्ण काढू म्हटले तरी निघत नाहीत. संकेतांकाने ही अडचण दूर होते. तरीही एक सावधगिरी हवी. संधिशूल घेऊन आलेल्या दोन रुग्णांपैकी एकात आम आहे, दुसऱ्यात धातुक्षय. एकास लंघन-दीपन, दुसऱ्यास स्नेहन-बृंहण. संकेतांक आमवात व संधिगतवात असा भेद करील, परंतु अग्नीची स्थिती, ऋतू, अनुपान, रुग्णाने पाळलेले पथ्य हे त्यात येणार नाही. आणि आपली चिकित्सा तर नेमकी त्यावरच उभी असते. म्हणून संकेतांक अवश्य लिहावा, पण त्याखाली स्वतःच्या शब्दांतली संप्राप्तीही लिहावी. जी आज्ञावली केवळ यादीतील पर्याय निवडू देते आणि मोकळ्या लेखनास जागा ठेवत नाही, ती आयुर्वेदाच्या कामाची नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

फार्मसीचालकांसाठी

आतापर्यंतचे विवेचन दवाखान्याचे झाले. परंतु रसशाळांचा धोका तसूभरही कमी नाही. औषधनिर्माणाच्या नियमांतील ‘शेड्यूल टी’प्रमाणे प्रत्येक बॅचची नोंद ठेवावी लागते. कोणत्या पुरवठादाराची गुळवेल, कोणत्या महिन्यातील, किती भावना, किती पुट, संधानास किती दिवस लागले, हे सारे तीत असते. ही केवळ निरीक्षकास दाखवायची कागदपत्रे नाहीत. चार वर्षांपूर्वीचे एखादे अरिष्ट उत्तम का जमले आणि यंदा ते आंबट का झाले, याचे उत्तर त्या नोंदींतच असते. पुढे कोणी आपल्या अनुभूत योगावर हक्क सांगितला, तर आपण तो त्यापूर्वीपासून करीत होतो हे दाखवण्यासही तारीखवार नोंदच उपयोगी पडेल. हळदीच्या प्रकरणात हेच घडले.

अलीकडे अशा नोंदी महाजालावरील सेवेत, मासिक भाडे देऊन ठेवण्याची पद्धत आली आहे. सोय मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भाडे थकले, दर वाढला किंवा सेवा बंद झाली तर माहिती कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल, हे पहिल्या दिवशीच विचारले पाहिजे. पिढीजात योगांचे प्रमाण ज्या खातेवहीत आहे, ती वही आपल्या आजोबांनी परक्याच्या तिजोरीत पावतीशिवाय ठेवली असती काय?

‘आमची वहीच बरी’

या सर्वांवर एक आक्षेप हमखास येतो. काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात, ‘एवढी कटकट कशाला? आमची वहीच बरी.’ या मताविषयी आम्हांस आदर आहे; आमच्या गुरुजनांच्या वह्या आजही वाचता येतात आणि आमच्या संगणकातील नोंदी वाचता येत नाहीत, हे सत्य आम्ही कसे नाकारू? परंतु जुलै २००५ मध्ये मुंबई उपनगरांत, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात जे पाणी भरले, त्याने वह्यांना सोडले नाही. वहीची दुसरी प्रत नसते. म्हणून वही टाकावी असे आम्ही म्हणत नाही. वही ठेवावी, तिची पाने भ्रमणध्वनीने टिपून पीडीएफ करून दुसरीकडे ठेवावीत, आणि संगणक वापरायचा असेल तर तो वहीइतकाच आपल्या ताब्यात असावा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. खुल्या आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. युनिकोडला एक पैसाही पडत नाही. पैसा लागतो तो पुढे कुलूप तोडण्यास. आमच्या नोंदी रूपांतरित करून घेण्यास जी रक्कम मोजावी लागली, ती मूळ आज्ञावलीच्या किमतीहून अधिक होती. आणि इतके करूनही जोडाक्षरे बिघडलेली, आकडे गळलेले असा सुमारे चौथा हिस्सा आजही नीट वाचता येत नाही. त्या रुग्णेची २००६ ची नोंद त्याच हिश्श्यात आहे.

काय करावे

नवी आज्ञावली घेताना किंवा जुनीचा करार पुढे चालवताना प्रत्येक सभासदाने पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत, अशी आमची विनंती आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये साठतो काय? सर्व नोंदी, केवळ छापील अहवाल नव्हे, एका खुल्या साच्यात आम्हांस स्वतः केव्हाही काढून घेता येतील काय? सेवा बंद झाल्यास माहिती किती दिवसांत परत मिळेल आणि तुमच्याकडील प्रत पुसली जाईल काय? आमच्या रुग्णांची माहिती तुम्ही अन्य कोणास देता किंवा अन्य कामासाठी वापरता काय? आणि राष्ट्रीय आरोग्यनोंद मानके तुम्ही पाळता काय? शेवटच्या प्रश्नाबाबत मार्गदर्शन करणारे राष्ट्रीय केंद्र सी-डॅकच्या पुणे येथील कार्यालयातच आहे. आपणांस फार दूर जावयाचे नाही. पाचांपैकी पहिल्या दोन प्रश्नांस जो विक्रेता गोलमोल उत्तर देईल, त्याची आज्ञावली कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

आपल्या संघटनेकडेही आमचे मागणे आहे. विक्रेत्यांशी करावयाच्या कराराचा एक मराठी नमुना संघटनेने तयार करावा, कारण एकेकट्या वैद्याचे म्हणणे विक्रेता ऐकत नाही, शेकडो सभासदांचे ऐकतो. रुग्णपत्रकाचा किमान समान आराखडा ठरवावा, ज्यात संकेतांक व मोकळे लेखन दोहोंस स्थान असेल. आणि जुन्या फाँटमधील नोंदी युनिकोडमध्ये आणण्यासाठी जिल्हावार कार्यशाळा घ्याव्यात. हे शेवटचे काम तातडीचे आहे. ज्या ज्येष्ठ वैद्यांनी चाळीस-चाळीस वर्षे व्यवसाय केला, त्यांचे जुने संगणक आज अखेरच्या घटका मोजत आहेत. ते चालू आहेत तोवरच त्यांतील माहिती सहजी निघेल, आणि ते वैद्य आपल्यात आहेत तोवरच अर्धवट वाचता येणाऱ्या ओळीचा अर्थ त्यांना विचारता येईल.

या अंकाचे वाचन संपल्यावर सुज्ञ वाचकांनी एकच गोष्ट करावी. आपल्या संगणकातील सर्वांत जुनी रुग्णनोंद शोधावी आणि ती आपल्या मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या यंत्रावर उघडून पाहावी. उघडली आणि मराठीत वाचता आली, तर आनंद आहे. न उघडल्यास पुढील अंकाची वाट न पाहता कामास लागावे, एवढीच नम्र विनंती.